ट्रायकोकार्डानं फळमाशी जात नाही, दादा

पेरूवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'औषध बंद करा, सापळे काढा, त्यांनी मित्रकीटक मरतात. बागेत ट्रायकोकार्ड लावा, पडलेली फळं झाडाखालीच राहू द्या. मित्रकीटक फळमाशीचा नायनाट करतात, हवाईत केलाच आहे.' दौलताबादकडच्या आमच्या एका पाहुण्यानं खरंच सापळे काढले, म्हणून लिहितोय.

आधी कार्ड. ट्रायकोग्रामा नावाचा इवला मित्रकीटक पतंगांच्या अंड्यात आपली अंडी घालतो; तो ज्यातून निघतो ती अंडी चिकटवलेला कागद म्हणजे ट्रायकोकार्ड. ट्रायकोग्रामाशी माझं भांडण नाही. उसाची खोडकीड, कपाशीची बोंडअळी यांच्यावर तो चालतो, कारण पतंगाची अंडी पानावर, उघड्यावर असतात. फळमाशी साल टोचून आत अंडी घालते. तिथं कार्डावरचा जीव काय करणार?

फळमाशीचा खरा वैरी निराळा. फोपियस अरिसॅनस नावाची मुंगीएवढी गांधीलमाशी. ती माशीनं पाडलेलं भोक हुडकते, त्यातून नळी सारते आणि माशीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. पुढं अळी फळ खाते, मातीत कोष करते आणि कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी निघते. म्हणजे तो पेरू गेलाच! फायदा झाला तर पुढच्या पिढीत. मेसेजवाल्यानं नेमकं हेच गाळलं.

आता हवाई. 1940 च्या दशकात तिकडं ही गांधीलमाशी नेली आणि तिनं माशी बरीच आवरली, हे खरं. पण नायनाट? 2000 च्या आसपास त्याच हवाईत सगळ्या शेतकऱ्यांना धरून मोहीम काढावी लागली: पडलेली फळं उचलणं, आमिष, सापळे आणि मित्रकीटक, सगळं एकत्र. गंमत म्हणजे काकडी-कारल्यावरच्या माशीसाठी 1916 साली हवाईनं जो परोपजीवी नेला, तो भारतातूनच. माल आपला आणि दाखला त्यांचा!

सापळ्यांनी मित्रकीटक मरतात म्हणे. सापळ्यातल्या मिथाईल युजेनॉलचा वास फळमाशीच्या नराला ओढतो, गांधीलमाशीला नाही. नुसत्या सापळ्यावर विसंबू नका हे मात्र मीही सांगतो, मादी त्यात येत नाही. आणि सरसकट फवारणीनं मित्रकीटक मरतात, एवढं मेसेजातलं खरं.

सगळ्यात घातक सल्ला पडलेल्या फळांचा. पावसाळ्यात मी असाच एक पेरू फोडला. आत पांढऱ्या अळ्या, आणि हातावर घेतल्या तर अंगाची कमान करून टणाटण उड्या मारतात. तसलेच दोन पेरू बरणीत ओलसर वाळूवर ठेवले, तोंडाला फडकं बांधलं. अळ्या वाळूत शिरल्या, तांदळाएवढे तपकिरी कोष झाले. पंधरवड्यात बरणीत माश्याच माश्या. बारीक गांधीलमाशी दिसली ती एकच. झाडाखाली फळ ठेवणं म्हणजे या हिशोबानं माश्या पाळणं.

तरी त्या सल्ल्यात एक धागा आहे. मित्रकीटकही त्याच फळातून निघतात, त्यामुळं सगळं जाळून टाकलं तर तेही जातात. यावर हवाईतच एक तोडगा निघाला: पडलेली फळं जाळीच्या बंद तंबूत टाकायची. जाळीची भोकं अशी की माशी अडेल आणि गांधीलमाशी निसटेल. एवढी बारीक निवड जमणार नसेल तर सरळ दोन फूट खड्डा घेऊन फळं गाडा, वरून माती दाबा. वेचणी एक दिवसाआड, कारण अळी एकदा मातीत गेली की फळ उचलून काय उपयोग? झाडाखाली कोंबड्या सोडल्या तर त्या कोष उकरून खातात, तोही मित्रच म्हणा.

पाहुण्यानं सापळे परत टांगलेत. कार्डं आणलीच होती, ती कपाशीत लावली.