महाराष्ट्र ‘परदेश’ नाही: कलम १८ च्या नावाने फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: भारतीय संविधानाच्या कलम १८ नुसार पदावरच्या कुणालाही ‘फॉरेन स्टेट’कडून भेट घेता येत नाही, कर्नाटकातल्या माणसासाठी महाराष्ट्र हे फॉरेन स्टेटच, म्हणून सीमाभागातल्या नगरसेवकांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी महाराष्ट्राची योजना, मदत किंवा सत्कार स्वीकारला तर पद गेलंच. पुढे आणखी चार गोष्टी जोडल्यात: मंत्र्यांना सगळं माफ, पद्म पुरस्कार घेणारे सगळे घटना मोडणारे, खरा नियम फक्त अमेरिकेत, आणि इंग्लंडकडून काहीही घेतलेलं चालतं. खानापूर तालुक्यातली आमची एक वहिनी ग्रामपंचायतीवर निवडून आलेली आहे. हे वाचून तिने घरातल्या आजारी माणसासाठीचा महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेचा अर्ज बाजूला ठेवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला मुद्दा सर्वांत घातक, म्हणून तो नीट पाहू. कलम १८ चा चौथा खंड सांगतो की राज्याच्या अखत्यारीतलं लाभाचं किंवा विश्वासाचं पद असलेल्या व्यक्तीने राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय परदेशी राज्याकडून भेट, मोबदला किंवा पद घेऊ नये. परदेशी राज्य कुठलं, हे ठरवायचं काम संविधानाने मेसेज लिहिणाऱ्यावर सोडलेलं नाही. कलम ३६७ चा तिसरा खंड उघडा: परदेशी राज्य म्हणजे भारताखेरीज दुसरं कोणतंही राज्य. महाराष्ट्र भारतातच आहे, संविधानाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे राज्यांच्या यादीत, कर्नाटकाबरोबर त्याचं नाव आहे. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात कलम १३१ खाली दाखल केला, आणि ते कलम भारतातल्याच सरकारांमधल्या वादासाठी आहे. परदेशाला त्या दारातून आत येताच येत नाही. मग आपलं गाव कुठल्या राज्यात असावं याबद्दल तुमचं मत काहीही असो, या दोहोंपैकी कुणीही कुणाला परदेश ठरत नाही.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये आरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू करायचं ठरवलं तेव्हा कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला, हे खरं. पण तो दोन सरकारांमधला वाद आहे. त्याचा कलम १८ शी काडीचा संबंध नाही. उलट कलम २८२ म्हणतं की केंद्राला किंवा राज्याला कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देता येतं, तो विषय त्यांच्या कायदे करण्याच्या कक्षेत नसला तरीसुद्धा. शिवाय दवाखान्यातले उपचार ही ‘पदावरच्या व्यक्तीला दिलेली भेट’ नव्हेच. योजनेत बसणाऱ्या कुठल्याही कुटुंबाला मिळतं तेच सदस्याच्या कुटुंबाला मिळतं. अर्ज भरा.

आता यातला खरा भाग. ग्रामपंचायत सदस्यावर परदेशी पैशांबाबत बंधन आहे, पण ते दुसऱ्या कायद्याचं. आमदार किंवा नगरसेवक हे कलम १८ च्या अर्थाने ‘राज्याच्या अखत्यारीतलं पद’ धारण करतात का, यावरच वाद घालता येतो. त्यांना लगाम लावतो तो २०१० चा परकीय योगदान (विनियमन) कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात. त्याचं कलम ३ विधानमंडळाच्या सदस्यांना परकीय योगदान घ्यायला मनाई करतं, आणि त्याच्या व्याख्येत ‘विधानमंडळ’ म्हणजे संसद आणि विधानसभेबरोबर नगरपालिका आणि पंचायतसुद्धा. मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कलम ४ मध्ये सवलती आहेत: नातेवाइकाकडून आलेली रक्कम, भारतीय शिष्टमंडळाचा सदस्य म्हणून नियमानुसार घेतलेली भेट, वगैरे. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या भावाने घरी पाठवलेला पगार तर परकीय स्रोतात मोडतच नाही. या कायद्यात अडकायची वेळ येते ती परदेशी सरकार, परदेशी कंपनी किंवा परदेशी नागरिक देणारा असेल तेव्हा.

मंत्र्यांना सगळं माफ, हेही खोटं. केंद्र आणि राज्य, दोन्हीकडच्या मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे, म्हणजे बंगळूरुच्या मंत्र्यांनाही ती लागू. परदेशातून मिळालेली मानाची तलवार, समारंभाचा पोशाख अशी प्रतीकात्मक भेट ठेवून घेता येते. बाकी वस्तूंना ५,००० रुपयांची मर्यादा. किमतीबद्दल शंका असेल तर वस्तू तोशाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या सरकारी भांडारात, मूल्यांकनाला जाते. ५,००० च्या आत निघाली तर मंत्र्याकडे परत, वर गेली तर वरचा फरक भरून ती विकत घेता येते. म्हणजे २०,००० चं घड्याळ हवं असेल तर १५,००० खिशातून काढायचे. गालिचे, चित्रं, फर्निचर अशा महाग वस्तू सरकारी मालमत्ता म्हणून राष्ट्रपती भवनात, पंतप्रधानांच्या निवासस्थानी किंवा राजभवनात जातात. ही व्यवस्था जिथे ढिली पडते ती जागा मूल्यांकनाची: किंमत कमी लावली की बाकीचा नियम आपोआप निकामी होतो. प्रश्न विचारायचा असेल तर तिथे विचारा.

पद्म पुरस्कारांचा मुद्दा १९९५ सालीच संपला. बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय पुरस्कार कलम १८ मध्ये मनाई असलेले ‘किताब’ ठरत नाहीत असं सांगितलं; फक्त ते नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत.

अमेरिकेच्या संविधानात असंच कलम आहे, भारताच्याही कितीतरी आधीचं, १७८७ च्या मसुद्यातलं. पण तिथे संमती संसदेची, म्हणजे काँग्रेसची लागते. आपल्याकडे ती राष्ट्रपतींची, आणि राष्ट्रपती कलम ७४ नुसार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे केंद्रीय मंत्र्याच्या भेटीला संमती द्यायची की नाही हे व्यवहारात त्याचंच मंत्रिमंडळ ठरवणार. इथे आपलं कलम कमकुवत आहे, हे मान्य करावंच लागेल.

आणि इंग्लंड. नाइलाजाने सांगतो, यात अर्धं तथ्य आहे. कलम ३६७ मध्येच राष्ट्रपतींना अपवाद करायची मुभा आहे, आणि १९५० च्या आदेशाने राष्ट्रकुलातले देश संविधानाच्या प्रयोजनासाठी परदेशी राज्य नाहीत असं जाहीर झालं. त्यामुळे ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलिया सरकारची भेट केवळ कलम १८ च्या जोरावर अडवता येत नाही. पण त्यावरून ‘काहीही चालतं’ असं होत नाही. एफसीआरएमध्ये परकीय स्रोत म्हणजे कोणत्याही परदेशाचं सरकार, राष्ट्रकुलातलं असो वा नसो, आणि मंत्र्यांची आचारसंहिताही परदेशातून आलेल्या भेटीत असा भेद करत नाही.