उद्याची पाळी आज रात्री नऊला का कळावी?

चाकण एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात उद्याची पाळी कोणती, हे रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपवर कळते. मुलीला सकाळी डॉक्टरकडे न्यायचे ठरवावे, तर सहाची पहिली पाळी लागते. रात्रपाळी करून भोसरीला घरी येऊन पाठ टेकावी, तोच दुपारच्या पाळीला हजर राहण्याचा निरोप येतो. माणसाने झोपायचे तरी कधी? स्थायी आदेशांबाहेर, म्हणजे कारखान्याच्या मंजूर सेवानियमांबाहेर जाऊन पाळ्यांत बदल करायचा असेल, तर कामगारांना 21 दिवस आधी सूचना द्यावी, असे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने बजावले आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ते कायम ठेवले. एकवीस दिवस! आम्हाला नऊ तास मिळतात, आणि जमणार नाही म्हटले, की गैरहजेरी लागते.