मागे उरलेली माणसे

दूरदर्शनवर 'संत तुकाराम' लागणार असला की माझी आजी सगळी कामे आधीच आवरून टीव्हीसमोर येऊन बसत असे. शेवटी तुकोबांना घेऊन विमान आकाशात गेले की ती हात जोडे, आणि हात जोडलेले असतानाच दर वेळी तेच विचारी, "आता जिजाईच्या म्हशीचं कोण बघणार?" लहानपणी मला तो प्रश्न अगदीच अस्थानी वाटत असे. समोर एवढा चमत्कार घडत असताना हिला म्हैस कशी आठवते, हे मला कळत नसे. आज मात्र वाटते की त्या खोलीतल्या आम्हा सगळ्यांपेक्षा तो चित्रपट आजीनेच अधिक नीट पाहिला होता.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने माझे आवडते चित्रपट कोणते, असे विचारले आणि मी सहज पाच-सहा नावे सांगून मोकळी झाले. नंतर ती नावे मनात घोळत राहिली तेव्हा लक्षात आले की त्यांचा काळ, त्यांचे दिग्दर्शक आणि त्यांची सांगण्याची रीत यांत काहीही सारखे नसले, तरी एक गोष्ट सगळ्यांत आहे. कथेतला महत्त्वाचा माणूस किंवा महत्त्वाचा प्रसंग निघून गेल्यावर जे मागे उरतात, त्यांच्यापाशी हे चित्रपट थांबतात. मला चित्रपट आवडतो तो बहुधा या थांबण्यासाठी. पडद्यावर कोण जिंकले यापेक्षा, सगळे निघून गेल्यावर अंगण कोणी झाडले, हे ज्याला दाखवावेसे वाटते त्या दिग्दर्शकावर माझा जीव जडतो.

'संत तुकाराम' १९३६ सालचा. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी तो प्रभात फिल्म कंपनीसाठी पुण्यात केला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली, आणि मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनिसांचे तुकाराम शांत, जवळजवळ देहभान हरपलेले आहेत, आणि ते विलक्षणच आहेत. परंतु हा चित्रपट मी पुनःपुन्हा पाहते तो गौरी यांनी साकारलेल्या जिजाईसाठी. ती कंबर कसून उभी असते, मोठ्याने बोलते, भांडते, शेणामातीत वावरते, म्हशीशी माणसाशी बोलावे तशी बोलते. नवऱ्याचे लक्ष विठ्ठलाकडे असताना पोरांच्या तोंडात काय घालायचे हा हिशेब तिच्याकडे आहे. आजारी पोराला घेऊन ती देवळात जाते आणि पायातली वहाण हातात घेऊन देवाला जाब विचारते, तो प्रसंग पाहताना आजही माझा श्वास अडकतो. एका संतपटाने, तेही १९३६ साली, देवावर वहाण उगारणाऱ्या बाईला खलनायिका ठरवले नाही; तिचा राग हासुद्धा त्या देवाशी असलेल्या नात्याचाच एक प्रकार आहे, असे त्याने मानले. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा तिला आणि मुलांना झालेला आनंद इतका खरा आहे की तुकोबा तो परत पाठवायला सांगतात तेव्हा, त्यांचे म्हणणे पटत असूनही, मला तिच्यासाठी वाईट वाटते. हे वाईट वाटणे दिग्दर्शकांना टाळता आले असते, आणि ते त्यांनी टाळले नाही. विमान वर जाते आणि जिजाई जमिनीवर राहते. आजीचा प्रश्न तिथूनच आला होता.

(याच चित्रपटातले 'आधी बीज एकले' हे पद शांताराम आठवले यांनी लिहिले, हे मला खूप उशिरा समजले. तोवर मी ते तुकोबांचेच समजून म्हणत आले होते, आणि असे समजणारी मी एकटीच नव्हे.)

जब्बार पटेलांचा 'उंबरठा' १९८२ सालचा. त्यात स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून दूरच्या गावी जाते आणि लहान मुलगी घरी काकूपाशी राहते. सुलभेच्या बाहेर पडण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते योग्यच आहे, आणि मीही एका काळी तेवढेच पाहत असे. स्वतः आई झाल्यावर मात्र माझी नजर त्या मुलीकडे वळली. चित्रपट तिच्या दुराव्याचे भांडवल करून सुलभेला दोषी ठरवत नाही आणि सुलभा बरोबर आहे म्हणून तो दुरावा नाहीसाही करत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवणे लेखकाला किती कठीण जाते, हे विजय तेंडुलकरांची ही पटकथा पाहताना जाणवते. 'श्वास'विषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण तो पुष्कळांनी पाहिला आहे: शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी जाणार हे कळल्यावर त्याला गुपचूप रुग्णालयाबाहेर नेऊन शहर दाखवणारे अरुण नलावडे यांचे आजोबा. त्या भटकंतीत मला मुलापेक्षा आजोबांचाच चेहरा पाहावासा वाटतो, कारण आपण काय दाखवत आहोत हे त्यांना ठाऊक आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' मात्र फार कमी लोकांनी पाहिला आहे, आणि याची मला खरोखर खंत वाटते. १९९५ सालचा हा चित्रपट. दोन बहिणींतल्या थोरल्या गौरीच्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाड अपघातात सापडते, नवरदेव जातो, आणि दोष येतो तो हिच्या पायगुणावर. घर चालेनासे होते तेव्हा तिला मुंबईला पाठवले जाते, तिथे ती देहविक्रय करते, आणि तिने पाठवलेल्या पैशांवर ते घर उभे राहते. धाकट्या कृष्णाचे लग्न ठरते तेव्हा गौरी घरी येते, पण तिने कोणाच्या दृष्टीस पडू नये, अशी घरच्यांची अपेक्षा असते. ज्या घरातले दाणे हिच्या कमाईचे, त्याच घराच्या कार्यात हिने लपून राहायचे. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या दोघींनी ते बहिणींचे नाते अत्यंत कमी शब्दांत उभे केले आहे. उत्तरा बावकरांच्या आईविषयी तर काय लिहावे. मुलीला जवळ घ्यायला निघालेले हात लोकांच्या भीतीने आखडतात, ते त्यांच्या नुसत्या बसण्यातूनही दिसते. या आईचा मला राग येतो, आणि तिच्या जागी मी असते तर वेगळे वागले असते असे छातीठोकपणे म्हणवत नाही. ना. धों. महानोरांचे शब्द आणि आनंद मोडक यांचे संगीत असलेल्या यातल्या गाण्यासाठी अंजली मराठे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते गाणे ऐकताना पाण्याची वाट पाहणारी जमीन आणि माणसाची वाट पाहणारे घर मला वेगळे काढता येत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'विषयी माझे अनेकांशी मतभेद झाले आहेत. त्याला २०१४ साली व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले, राष्ट्रीय पुरस्कारांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. तरीही आमच्या घरातच तो 'काही घडत नाही' म्हणून अर्ध्यावर बंद केला गेला. माझे म्हणणे असे की त्यात फार घडते, फक्त ते पाहायला आपल्याला थांबावे लागते. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. कांबळे यांची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते स्वतः नागपूरचे कार्यकर्ते होते आणि २०२१ साली करोनाने त्यांचे निधन झाले. पण खटला चालू असतानाच चित्रपट अधूनमधून न्यायालयाबाहेर पडतो. सरकारी वकील बाई लोकलमध्ये शेजारणीशी घरगुती बोलतात, मुलाला घेतात, घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. या भूमिकेत गीतांजली कुलकर्णी इतक्या ओळखीच्या वाटतात की माझ्या आत्याचीच आठवण व्हावी. आणि दुसऱ्या दिवशी हीच बाई कोर्टात उभी राहून त्या म्हाताऱ्या शाहिराला आत ठेवण्यासाठी कलमे वाचते. तिच्याबद्दल आपुलकी वाटल्यानंतर ते ऐकावे लागते, ही या चित्रपटाची खरी ताकद आहे.

यातले मागे उरलेले माणूस म्हणजे त्या कामगाराची विधवा. साक्षीत ती सांगते की तो मॅनहोलमध्ये उतरण्याआधी खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाहत असे. आले तर आत हवा आहे असे समजायचे. मृत्यूचे खरे कारण इतक्या साध्या वाक्यात समोर येते, आणि न्यायालय पुढच्या कामाकडे वळते. नंतर बचाव पक्षाचा वकील तिला गाडीतून घरी सोडताना पैसे देऊ करतो, तेव्हा ती पैसे नको, काही काम असेल तर सांगा, म्हणते. या प्रसंगाला पार्श्वसंगीत नाही आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ सरकतही नाही. जवळ सरकला असता, तर कदाचित मला रडून मोकळे होता आले असते. शेवटाकडे उन्हाळी सुट्टीसाठी न्यायालय बंद होते, सगळे निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात आणि कॅमेरा तसाच अंधारलेल्या खोलीत उभा राहतो. चित्रपट इथेच संपला असता तर मला तो उत्तमच वाटला असता. पण ताम्हाणे पुढे न्यायाधीशांबरोबर सहलीला जातात, आणि बाकावर डुलकी घेणाऱ्या त्या गृहस्थांना मुले ओरडून जागे करतात तेव्हा त्यांच्या हातून एका पोराला चापट बसते. ते पुन्हा डोळे मिटतात. निकाल कोणत्या माणसाच्या हाती आहे हे एवढ्याशा प्रसंगात कळते, आणि तिकडे कांबळे तुरुंगातच असतात.

उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर' मी शेवटी ठेवला, कारण त्याविषयी मला तटस्थपणे लिहिता येत नाही. समीर आणि नचिकेत हे मावसभाऊ, वयात येणारे, एकमेकांना पत्रे लिहिणारे. आजोळी लग्नघाई चालू असते, घर माणसांनी भरलेले असते, आणि नचिकेतला या सगळ्यापासून दूर कुठेतरी निघून जावेसे वाटत असते. मग तो विहिरीत बुडून जातो. यानंतरचा चित्रपट समीरचा आहे. लपंडावात गडी सापडत नाही तसा तो नचिकेतला शोधत राहतो, घर सोडून माळरानावर भटकतो. सुधीर पलसाने यांनी टिपलेल्या त्या उघड्या माळावर हा मुलगा इतका लहान दिसतो की त्याला हाक मारावीशी वाटते. मदन देवधर आणि आलोक राजवाडे या दोघांनी तेव्हा केलेले काम मी आजवर विसरलेले नाही.

मी तो २०१० साली चित्रपटगृहात दुपारच्या खेळाला पाहिला. माझा मामेभाऊ मी अकरावीत असताना आजारपणात गेला होता. सुट्टीत आम्ही मामाच्या मळ्यातल्या विहिरीवर पाठीला पत्र्याचा डबा बांधून एकत्र पोहायला शिकलो होतो. तो गेल्यानंतर मी मामाकडे जाणे हळूहळू बंद केले. आधी परीक्षेचे निमित्त होते, मग नोकरीचे, आणि पुढे कोणी निमित्त विचारेनासेही झाले. सगळ्यांनी मामा-मामींचे सांत्वन केले, ते करायलाच हवे होते. पण त्याच्या बरोबरीच्या आम्हा मुलांनाही काही झाले असेल, हे कोणाच्या ध्यानात आले नाही आणि आम्हालाही ते सांगता आले नाही. चित्रपट संपल्यावर मी बाहेरच्या पायऱ्यांवर बसून मामींना फोन लावला. सात वर्षांनी. काय बोलायचे ते ठरवले नव्हते, म्हणून मी चित्रपटातल्या विहिरीविषयीच सांगू लागले. मामींनी सगळे ऐकून घेतले, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "तुमचे दोघांचे डबे माळ्यावर आहेत अजून. तुझ्या डब्याची दोरी तेवढी कुजली गं."