काका, तुमची फाइल उघडत नाही हे खरं आहे

नमस्कार काका,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. प्रेसमधल्या जुन्या कॉम्प्युटरचा बॅकअप घ्यायला दोन दिवस लावले, तुमची 4 टीबीची डिस्क असताना आमची 1 टीबीची गळ्यात मारली, आणि एवढं करून घरच्या लॅपटॉपवर त्यातलं एक पानही उघडत नाही, असं तुमचं म्हणणं.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथं चूक आमची आहे. तुमच्या मशीनवर विंडोज एक्सपी. आम्ही त्यातल्याच एनटीबॅकअप या बॅकअपच्या प्रोग्रॅमनं सगळा डेटा आणि 'सिस्टिम स्टेट' (म्हणजे विंडोजची स्वतःची सेटिंग) मिळून बॅकअपची एकच बीकेएफ फाइल केली. उद्या हार्ड डिस्क बसली, तर नवी टाकून, एक्सपी चढवून, या फाइलवरून पेजमेकर (तुमचा पानं जुळवायचा प्रोग्रॅम) आणि फॉन्टच्या सेटिंगसकट तेच मशीन उभं करता येतं. पण एक्सपीच्या पुढच्या विस्टापासून एनटीबॅकअप बंद झाला. विंडोज 7पर्यंत मायक्रोसॉफ्टनं अशी फाइल वाचायला निदान वेगळं साधन दिलं होतं. तुमच्या विंडोज 11ला ती कळतच नाही. तुम्हाला तर साधं 2009चं लग्नपत्रिकांचं फोल्डर उघडून बघायचं होतं. ते आम्ही विचारलंच नाही. आमच्या पोरानं डिस्क देताना "सगळं आलंय काका" म्हटलं, आणि त्याच्या हिशेबानं आलंही होतं.

दोन दिवसांचं खापर मात्र डोक्यावर घेणार नाही. जॉब स्लिपवर तुमच्याच अक्षरात 'कॅबिनेट उघडू नये' असं आहे. मागे कुणीतरी उघडलं आणि आठवडाभर प्रेस बंद पडली, तेव्हा तुमची धास्ती समजते. पण मशीनमधली डिस्क बाहेर काढून अडॉप्टरनं आमच्या कॉम्प्युटरला लावली असती, तर जेवायच्या आत काम झालं असतं. न उघडता करायचं म्हणजे यूएसबीवरून. तुमच्या एक्सपीला एकही सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) टाकलेला नाही आणि वेगवान यूएसबी 2.0 पहिल्या सर्व्हिस पॅकपासून चालू लागलं. म्हणून तुमचं पोर्ट जुन्या 12 मेगाबिटनंच चालतं, सेकंदाला जेमतेम 1 एमबी. 30 जीबीला साडेआठ तास, मग कॉपी बरोबर आली का ते पडताळायला जवळपास तेवढेच. (सर्व्हिस पॅक आधी का टाकला नाही? डोंगलवर (सॉफ्टवेअर चालवायला लागणाऱ्या किल्लीवर) चालणाऱ्या, रोजच्या कामाच्या मशीनला बॅकअपच्या आधी हात लावायची माझी छाती नाही.)

आता डिस्कचं. तुमची 4 टीबीची डिस्क जीपीटी या, डिस्कचे भाग मांडायच्या नव्या पद्धतीची आहे. 32 बिटच्या एक्सपीला ती वाचता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नुसतं 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह' दिसतं, आतलं काही नाही. नव्यानं फॉरमॅट केली असती तरी एक्सपीला 2 टीबीच्या पुढचं वापरता आलं नसतं, आणि तिच्यातले तुमचे घरचे फोटो पुसले गेले असते. म्हणून 1 टीबीची घेतली. तीही एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट करून, कारण जुन्या फॅट 32 पद्धतीवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मात्र खरेदीआधी तुम्हाला फोन करायला हवा होता. डिस्क नको असेल तर पैसे परत देतो.

दुकानात एक्सपीचं एक मशीन मुद्दाम ठेवलंय. डिस्क घेऊन या, त्यावर फाइल उघडून सगळी फोल्डरं साधी कॉपी करून देतो, पैसे नाहीत. तरी एक आत्ताच सांगतो, नाहीतर उरलेला एक स्टारही जाईल: पेजमेकरच्या फाइली लॅपटॉपवर तशाही उघडणार नाहीत. पेजमेकरच्या जागी आलेलं इनडिझाइन त्या सीएस 6 या आवृत्तीपर्यंतच घेत होतं. आणि तुमचे फॉन्ट युनिकोडच्या (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या) आधीचे. ते नसतील तर वधू-वरांच्या नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतील. ज्या पत्रिका पुन्हा लागतात त्यांची यादी द्या, तुमच्याच मशीनवर बसून पीडीएफ काढून देतो. कॅबिनेट उघडणार नाही.

तोवर ती बीकेएफ फाइल 'उघडत नाही' म्हणून डिलीट करू नका.