लॅपटॉप जुना झाला की सॉफ्टवेअर?

"दहा वर्षं झाली त्याला, टाक भंगारात," कट्ट्यावर एकाने निकाल दिला. विषय होता विंडोज ११ न चालणाऱ्या लॅपटॉपचा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नव्या आवृत्तीला टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षेची सोय लागते.

"पण त्याचं बिघडलंय काय?" मी विचारलं. स्क्रीन ठीक, कीबोर्ड ठीक. हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी बसवायची, जमलं तर रॅम वाढवायची, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. लिहिणं-वाचणं, मुलांचा अभ्यास, सगळं निवांत चालतं.

"मग जुन्या डेस्कटॉपचा घरच्या घरी सर्व्हर करू?"

"तो नको," वायरिंगची कामं करणारा मित्र म्हणाला. "साठ वॅट खाणारा डबा वर्षभर अखंड चालवलास तर सव्वापाचशे युनिट जातील." हे मला खोडता येईना आणि खोडायचंही नव्हतं. जुनं वाचवायच्या नादात वीज जाळण्यात अर्थ नाही. रोज तासभर वापरायला मात्र तोच डेस्कटॉप उत्तम.

खरी खडाजंगी झाली ती मोबाइलवर. जुना फोन कॅमेरा म्हणून खिडकीत लावा, असं सगळेच सांगतात. पण सतत चार्जरला लावलेली जुनी बॅटरी तापते, फुगू शकते. फुगलेली दिसली की फोन लगेच बंद करायचा, बॅटरी दाबायची किंवा टोचायची नाही. अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचं ॲपही नको. गाणी ऐका, पुस्तकं वाचा, खुशाल.

"नवी सिस्टिम टाक की मग!"

टाकू, पण बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम चढवणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, उघडला तर ना. पोस्टमार्केटओएस या फोनसाठीच्या लिनक्स सिस्टिमची मंडळी २०१७पासून फोनला दहा वर्षांचं आयुष्य मिळावं म्हणून झटताहेत. कंपनीने कुलूपच काढू दिलं नाही तर ती तरी काय करणार? याचा मला मनापासून राग येतो. २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांची.

"लोकांनाच नवं हवं असतं, कंपनीला का बोल लावतोस?"

हवं त्याने नवं घ्यावं. जुना फोन दुसऱ्या कुणाला वापरता यावा, एवढंच माझं म्हणणं. सपोर्ट संपवताना बूटलोडर उघडू द्यायचाच, असा नियम हवा.

"आणि चोराने उघडला तर?"

अँड्रॉइडमध्ये त्याची सोय आहे. उघडायची परवानगी आधी फोनच्या सेटिंगमधून द्यावी लागते आणि बूटलोडर उघडताना आतला डेटा पुसला जातो.