‘छातीवर टिचक्या मारा, गोळ्या सोडा’ या मेसेजबद्दल

मंगळवारी सकाळी पंचवटीतून मावशीचा फोन आला, तेव्हा तिचा आवाज नाकातून येत होता. मायस्थेनिया हा स्नायू थकवणारा आजार असलेल्या माणसाचा आवाज असा येऊ लागला की घरच्यांच्या पोटात गोळाच येतो. विचारलं तर म्हणाली, “अरे, चार दिवस झाले गोळ्या घेतल्या नाहीत. थायमस जागी करतेय ना.”

गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर तिला हा मेसेज आला होता. माझ्याही तीन ग्रुपांवर येऊन गेलाय. मजकूर थोडक्यात असा: छातीच्या मधोमध रोज 21 टिचक्या मारा, झोपलेली थायमस ग्रंथी जागी होते, मग टी-पेशी नावाचे सैनिक भराभर तयार होतात, सैनिक जितके जास्त तितकी प्रतिकारशक्ती जास्त, चाळिशीनंतर ही ग्रंथी आटते म्हणून सगळे आजार होतात, आणि ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा, आजारांवरची औषधं हे सैनिक मारतात, म्हणून ती बंद करा.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण जीव जाऊ शकतो तो तिथंच. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत ॲसिटिलकोलिन हे रसायन पोहोचवतं. मायस्थेनियात ते झेलणाऱ्या स्नायूवरच्या जागांवर रुग्णाच्याच अँटीबॉडी हल्ला करतात. म्हणून पापणी पडते, घास अडकतो, आणि फारच बिघडलं तर श्वासाचे स्नायू थकून व्हेंटिलेटर लावावा लागतो. मावशीची पायरिडोस्टिग्मिनची गोळी कुठलेही सैनिक मारत नाही. ॲसिटिलकोलिन लवकर मोडू देत नाही, एवढंच तिचं काम. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं हे खरं, आणि ते त्यासाठीच देतात. पण महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडलं तर मूळ आजार उसळू शकतो. शिवाय तोवर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे आतलं नैसर्गिक स्टेरॉइड, पुरेसं बनवेनासं झालेलं असतं, त्यामुळे रक्तदाब कोसळू शकतो. हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्यानं लिहायला नको होतं.

आणि मला सर्वांत लागलेली गोष्ट ही की मावशीची थायमस 2019 सालीच ऑपरेशन करून काढलेली आहे. तिला तेव्हा ‘छातीतली ग्रंथी’ एवढंच सांगितलं होतं, नाव लक्षात राहिलं नाही. चार दिवस ती जिथं टिचक्या मारत होती, तिथं थायमस नाहीच. का काढली, तर मायस्थेनियाच्या बऱ्याच रुग्णांत या अँटीबॉडींचा कारखाना थायमसमध्येच बसलेला असतो. 2016 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 126 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना फक्त प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिलं, काहींना ते देऊन थायमसही काढली, आणि तीन वर्षं पाहिलं. थायमस काढलेल्यांचा अशक्तपणा जास्त कमी झाला, त्यांना स्टेरॉइडही कमी लागलं. मेसेज खरा असता तर नेमकं उलटं दिसायला हवं होतं.

आता ‘सैनिक जितके जास्त तितकं चांगलं’. थायमसचं काम कळलं तर हे वाक्य कुणी लिहिणार नाही. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी थायमसमध्ये आपल्या जनुकांचे तुकडे वाटेल तसे जोडून रिसेप्टर, म्हणजे समोरची वस्तू ओळखून पकडणारा भाग, बनवतात. तो पुढं कशाला चिकटेल ते आधी ठरलेलं नसतं. म्हणून परीक्षा घ्यावी लागते. ग्रंथीच्या बाहेरच्या भागात पहिली: शरीराची एमएचसी प्रथिनं (पेशींवरची ओळखपत्रंच म्हणा) हलकेच ओळखता येतात का? ज्यांना येत नाहीत त्यांना जगण्याचा संकेतच मिळत नाही आणि त्या मरतात. आतल्या भागात दुसरी: स्वतःच्याच शरीराला फार घट्ट पकडते का? पकडणाऱ्या बहुतेक पेशी तिथंच संपवल्या जातात. या परीक्षेसाठी थायमसमधल्या पेशी ‘आयर’ जनुकाच्या जोरावर इन्सुलिन, थायरॉइडचं प्रथिन असलं दूरच्या अवयवांचं सामान स्वतः बनवून दाखवतात. आयर बिघडलेलं असलं की रुग्णाच्या पॅराथायरॉइड आणि ॲड्रिनल ग्रंथींवर त्याच्याच पेशी तुटून पडतात. शेवटी शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच पेशी बाहेर पडतात. त्यांतल्याही काही इतरांना आवरायचं काम करतात. या आवरणाऱ्या पेशी शिमोन साकागुची यांनी 1995 साली दाखवल्या, आणि 2025 चं नोबेल त्यांना, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना याच कामासाठी मिळालं.

मावशीचं माहेर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षबागेचं. तिला म्हटलं, “घडातले मणी विरळले नाहीत तर काय होतं?” ती लगेच म्हणाली, “दाटतो, मणी बारीक राहतात, आतून कुजतो.” थायमसही अशीच विरळणी करते. विरळणीला कात्री घेऊन बसलेल्या बाईला कुणी म्हणत नाही की तू बाग मारतेस.

ग्रंथी वयानं आटते, हे मान्य करावंच लागेल. ते चाळिशीला नाही, तारुण्यापासूनच सुरू होतं; तिथं चरबी भरत जाते. मोठेपणी ती अगदीच निरुपयोगी असते असंही नाही: न्यू इंग्लंड जर्नलमध्येच 2023 साली आलेल्या अभ्यासात, छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस गेलेल्या प्रौढांमध्ये पाच वर्षांनी मृत्यूचं प्रमाण 8.1 टक्के, तर न गेलेल्यांत 2.8 टक्के होतं. म्हणून विनाकारण ती काढू नये. पण म्हणून ‘सगळे आजार’ तिच्यामुळे होत नाहीत. लहानपणी परीक्षा पास झालेल्या टी-पेशी बाहेरही वाढत राहतात.

टिचक्यांबद्दल काय लिहू? थायमस छातीच्या हाडामागे असते, आणि पेशींची निवड रेणू रेणूला चिकटून होते. हाडावर वाजवून त्यात काही बदलतं याचा एकही पुरावा मेसेजमध्ये नाही.

मंगळवारीच मावशीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तिला लगेच बोलावून घेतलं, तपासलं आणि गोळ्या कशा पुन्हा सुरू करायच्या ते लिहून दिलं. आज सकाळी तिचा आवाज जरा बरा वाटला. तिच्या ग्रुपवर आणखी कुणी हा मेसेज वाचून औषध बंद केलं असेल, तर कृपा करून आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा. आणि ज्या ताईंनी मेसेज टाकला, त्यांनी तो सगळ्यांसाठी डिलीट करावा.