फ्रेंच भविष्यकाळ घड्याळावर चालत नाही

'फ्रेंचचा भविष्यकाळ दोन मिनिटांत' अशा मथळ्याचा एक मजकूर गेले काही महिने फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: चोवीस तासांच्या आत घडणाऱ्या गोष्टीसाठी 'फ्युत्युर प्रोश', म्हणजे नजीकचा भविष्यकाळ, आणि त्यापुढच्या गोष्टीसाठी 'फ्युत्युर सँप्ल', म्हणजे साधा भविष्यकाळ वापरावा, मराठी वाक्यात 'णार' दिसले की प्रोश आणि 'ईन', 'ईल' दिसले की सँप्ल समजावा, प्रोश करताना 'आले' (जाणे) या क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपापुढे दुसरे क्रियापद शब्दकोशातून जसेच्या तसे उचलून ठेवावे आणि नकाराचे 'न… पा' त्या दुसऱ्या क्रियापदाला लावावे, 'काँ', म्हणजे 'जेव्हा', यानंतर वर्तमानकाळ घालावा, आणि सँप्ल बोलण्यातून केव्हाच गेला असल्याने त्याच्या मागे फार लागू नये. मजकूर कोणी लिहिला ते त्यावर नाही, परंतु खाली 'परीक्षेत हमखास उपयोगी' असे मात्र आवर्जून छापलेले आहे.

माझी भाची डेल्फच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच प्रमाणपत्राच्या, 'बी-१' या मधल्या पातळीच्या परीक्षेची तयारी करते आहे. पुढच्या वर्षी आम्ही घर बदलणार आहोत, हे तिने सरावाच्या निबंधात 'नू-झालों देमेनाजे' असे सरळ आणि अचूक लिहिले होते, आणि मग हा मजकूर वाचून ते खोडून 'नू देमेनाजरों' केले, कारण वर्ष म्हणजे चोवीस तासांहून जास्त. (फ्रेंच वाक्ये देवनागरीत जमतील तितकीच उतरतात, अनुनासिकांबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे.) नवे वाक्य व्याकरणाने चूक नाही. परंतु घर ठरले आहे, पैसे भरून झाले आहेत, आता फक्त सामान हलवायचे बाकी आहे, अशा ठरलेल्या गोष्टीसाठी तिचे पहिले वाक्यच अधिक नेमके होते, आणि ते ज्या कारणाने खोडले गेले ते कारण कोणत्याही फ्रेंच व्याकरणात सापडणार नाही.

चोवीस तासांचा एक नियम फ्रेंच व्याकरणाच्या इतिहासात जरूर होऊन गेला, पण तो भूतकाळाचा होता. १६६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोर-रोयालच्या, म्हणजे त्या नावाच्या फ्रेंच मठाशी संबंधित विद्वानांच्या, व्याकरणाने असे सांगितले होते की, आज जो 'पासे सँप्ल', म्हणजे साधा भूतकाळ, फक्त लेखनात उरला आहे, तो बोलण्याच्या क्षणापासून निदान एक दिवस मागे पडलेल्या घटनेसाठीच योग्य होय. भविष्यकाळाशी या नियमाचा काडीचाही संबंध नाही, आणि भूतकाळातही आज तो कोणी पाळत नाही.

भविष्यकाळाला तो लावून पाहिला की काय होते, याचा दाखला फ्रान्समधल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. १८ जून १९४० रोजी जनरल द गॉल यांनी बीबीसीवरून फ्रेंच जनतेला जे आवाहन केले, त्याचे शेवटचे वाक्य आहे 'दमँ, कॉम ओजूर्द्वी, ज पार्लरे आ ला रादिओ द लोंद्र'. आजच्याप्रमाणे उद्याही मी लंडन रेडिओवरून बोलणार आहे, असा त्याचा अर्थ. 'दमँ' म्हणजे उद्या, म्हणजे चोवीस तासांच्या हिशेबातली गोष्ट. तरीही क्रियापद 'पार्लरे', म्हणजे शुद्ध सँप्ल. ते औपचारिक भाषण होते, असे कोणी म्हणेल. मग रोजचे बोलणे घ्या: उशीर झालेला मित्र फोनवर 'ज सरे ला दाँ सँक मिन्यूत', पाच मिनिटांत पोहोचतोच, असे सँप्लमध्ये सांगतो. उलट, पाच अब्ज वर्षांनी सूर्य विझणार आहे, हे सांगताना 'ल सोलेय व्हा सेतँद्र' असा प्रोश कोणत्याही फ्रेंच माणसाला खटकत नाही. पाच मिनिटांना सँप्ल आणि पाच अब्ज वर्षांना प्रोश चालत असेल, तर चोवीस तासांची रेघ कोठे मारायची?

खरा फरक अंतराचा नसून आत्ताशी असलेल्या नात्याचा आहे. पुढे घडणाऱ्या गोष्टीचे मूळ बोलण्याच्या क्षणीच हजर असेल, म्हणजे बेत ठरला असेल, लक्षणे दिसत असतील किंवा हालचाल सुरू झाली असेल, तर प्रोश; आत्ताच्या परिस्थितीपासून सुटी करून, नुसते भाकीत, वचन किंवा आज्ञा म्हणून ती मांडायची असेल तर सँप्ल. आभाळ भरून आलेले पाहून खिडकीशी उभा असलेला माणूस 'इल व्हा प्लव्वार', पाऊस येणार, असे प्रोशमध्ये म्हणतो. 'एल व्हा अव्वार अं बेबे' म्हटले की ती बाई गरोदर आहे असेच ऐकणारा समजतो, तर 'एल ओरा अं बेबे' म्हणजे केव्हातरी तिला मूल होईल, आज तसे काही असो वा नसो. या दोन वाक्यांची गल्लत परीक्षेत गुण घालवील, आणि कोणाच्या घरी बोलताना झाली तर त्याहून अवघड प्रसंग ओढवील. 'प्रोश' या नावामुळे गोंधळ होतो, हे मी मान्य करते. म्हणूनच अनेक व्याकरणकार या रूपाला जवळ-दूर न म्हणता नुसते 'दोन शब्दांचे भविष्य' अशा अर्थाचे 'फ्युत्युर पेरिफ्रास्तीक' हे नाव देतात.

'णार' आणि 'ईल' यांचा दावा अधिक धोक्याचा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. 'मी उद्या पुण्याला जाणार आहे' यात बेत ठरलेला असतो, 'जाईन कधीतरी' यात नसतो, आणि इथपर्यंत मराठी व फ्रेंच यांची चाल जुळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एवढ्या जुळण्यावर समीकरण मांडले की ते पहिल्याच वळणावर मोडते. कठड्यावर चढलेल्या मुलाला मराठी आई 'अरे, पडशील!' असे ओरडते. 'तू पडणार आहेस' असे म्हणत बसत नाही. फ्रेंच आई त्याच क्षणी 'त्यू व्हा तोंबे!' असा प्रोश वापरते, आणि तेथे 'त्यू तोंबरा' म्हटले तर ते ज्योतिष्याचे भाकीत वाटेल. दाराची बेल वाजली की आपण 'मी उघडते' असे वर्तमानकाळात सांगतो आणि पाहुण्यांना 'बसा, चहा टाकते' म्हणतो. फ्रेंचमध्ये या दोन्ही ठिकाणी 'ज व्हे उव्रीर' आणि 'ज व्हे फेर द्यू ते' असा प्रोश सहज येतो. उलट, द गॉल यांच्या वाक्याचा मराठी अर्थ वर देताना मी 'बोलणार आहे' असेच लिहिले, आणि मूळ फ्रेंचमध्ये तेथे सँप्ल आहे. मराठी प्रत्यय पाहून फ्रेंच काळ निवडणाऱ्या विद्यार्थ्याची वाक्ये कधी बरोबर येतील, कधी चुकतील, आणि का चुकली हे त्याला कळणार नाही.

रूप बनवण्याविषयीचा भाग लवकर आटोपता येतो. 'व्हे, व्हा, व्हा, आलों, आले, व्हों' आणि पुढे क्रियापदाचे मूळ रूप, हे बरोबर आहे. मात्र 'जसेच्या तसे' ही सूचना स्ववाचक क्रियापदांत, म्हणजे 'स्वतःला' अशा अर्थाचे सर्वनाम सोबत घेणाऱ्या क्रियापदांत, घात करते: शब्दकोशात उठण्यासाठी 'स लव्हे' असते, म्हणून मुले 'ज व्हे स लव्हे' लिहितात, आणि हवे असते 'ज व्हे म लव्हे', कारण 'स' कर्त्याप्रमाणे बदलतो. कर्माचे सर्वनामही दुसऱ्या क्रियापदाच्या आधी, म्हणजे 'ज व्हे ल फेर' (मी ते करणार आहे) असे बसते. 'ज ल व्हे फेर' ही सतराव्या शतकातली मांडणी झाली. नकाराचे तर मजकुराने उलटेच सांगितले आहे. 'न… पा' हे 'आले'च्या रूपाला मिठी मारतात: 'ज न व्हे पा पार्तीर', मी जाणार नाही. मजकुरातल्या पद्धतीने होणारे 'ज व्हे न पा पार्तीर' कानावर क्वचित पडते, पण ते 'मी न जाण्याचे करणार आहे' अशा मुद्दाम दिलेल्या जोरासाठी.

राहिला 'सँप्ल मेला' हा दावा. बोलण्यात प्रोशचा वापर भरपूर आहे आणि शिकवतानाही तो आधी येतो, एवढे खरे. कॅनडात तर त्याचे पारडे फारच जड आहे. शाना पॉपलॅक आणि डॅनिएल टर्पिन या भाषाअभ्यासकांनी १९९९ मध्ये ओटावा-हल परिसरातील फ्रेंच भाषकांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तेथे भविष्याचे नेहमीचे रूप प्रोशच असल्याचे दाखवले. परंतु त्याच अभ्यासात असेही आढळले की नकारार्थी वाक्य आले की हेच लोक बहुतेक वेळा सँप्लकडे वळतात. म्हणजे जेथे सँप्ल सर्वांत क्षीण आहे, तेथेही त्याची एक जागा पक्की आहे, आणि ती नेमकी तीच जागा आहे जेथे या मजकुराने प्रोशचे चुकीचे रूप शिकवले आहे. फ्रान्समध्ये तर 'ओं व्हेरा', म्हणजे 'बघू', हे दिवसातून कितीदा कानावर पडते याला गणती नाही. शिवाय सँप्ल अवघड असल्याची भीतीही अवाजवी आहे: त्याचे प्रत्यय सर्व क्रियापदांना तेच, ते मुळात 'अव्वार' (जवळ असणे) या क्रियापदाच्या वर्तमानकाळातूनच आलेले, आणि पाठ करावी लागणारी अनियमित अंगे दीड-दोन डझन.

'काँ'नंतरचा वर्तमानकाळ हा इंग्रजीच्या सवयीतून आलेला दिसतो. 'तू पोहोचलास की मला फोन कर' हे फ्रेंचमध्ये 'काँ त्यू आरीव्हरा, आपेल-म्वा' असे सँप्लमध्येच होते. तेथे वर्तमानकाळ घातला की एकदाच्या पोहोचण्याऐवजी 'जेव्हा जेव्हा पोहोचतोस तेव्हा' असा नेहमीचा परिपाठ ध्वनित होतो. वर्तमानकाळ लागतो तो 'जर' या अर्थाच्या 'सी'नंतर, 'सी त्यू व्हियँ' (तू आलास तर), आणि तेथे सँप्ल चालत नाही. तोच 'सी' जेव्हा 'की नाही' या अर्थाने येतो, म्हणजे तो येईल की नाही कोणास ठाऊक असे म्हणायचे असते, तेव्हा मात्र 'ज न से पा सील व्हियँद्रा' असा भविष्यकाळ निमूटपणे परत येतो.